सतरा आठे छत्तिसाशे

मानसीच्या क्लासच्या दारावर पिवळा बोर्ड होता आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'पाढे विसरा, गणित जिंका!' बोरिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत येणारा-जाणारा तो वाचायचाच, कारण फ्लॅट तळमजल्यावर आणि दार बरोब्बर लिफ्टच्या समोर. मानसीची आईसुद्धा रोज त्याच्याखालूनच भाजी आणायला जायची. तिने त्या बोर्डाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आता ती काही मुखदुर्बळ बाई होती असं नाही. लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरीच्या नावाने ती मालवणीत जे काही सुरू करायची, ते वरच्या मजल्यांवर ऐकू जायचं. पण बोर्डाबद्दल मात्र ब्र नाही.

क्लास जोरात चालायचा. मानसी शिकवायची झकास, त्यात खोटं कशाला बोला. नऊचा पाढा हवाय? दोन्ही हात समोर पसरा, नऊ चोकसाठी चौथं बोट मिटा. डावीकडे उरली तीन, उजवीकडे सहा, झाले छत्तीस. अकराने गुणायचंय? चौतीसमधले तीन आणि चार जरा लांब सरकवा, मध्ये त्यांची बेरीज बसवा, आले तीनशे चौऱ्याहत्तर. पाचने गुणायचं तर निम्मं करून पुढे शून्य. चारने गुणायचं तर दुप्पट, आणि परत दुप्पट. मुलं खूश व्हायची आणि मुलांपेक्षा त्यांच्या आया खूश व्हायच्या. आमच्या वेळी असं कोणी शिकवलं असतं तर आम्ही कुठल्या कुठे गेलो असतो, असं त्या दारात उभ्या राहून एकमेकींना सांगायच्या.

गंमत अशी, की मानसीला स्वतःला यातली एकही ट्रिक कधी लागली नव्हती. फळ्यावर सतरा गुणिले आठ लिहून ती मुलांना सांगायची, सतराला वीस धरा, वीस आठे एकशे साठ, जास्त धरलेले तीन आठे चोवीस काढून टाका, राहिले एकशे छत्तीस. पण खडू उचलायच्या आधीच उत्तर तिच्या डोक्यात वाजून गेलेलं असायचं, आणि तेही चालीत. सतरा आठे छत्तिसाशे.

हे 'छत्तिसाशे' जरा नीट समजून घ्या, पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. जुन्या पाढ्यांत शंभराच्या वर गेलं की वरचा आकडा आधी म्हणायचा आणि 'शे' मागून जोडायचं. शंभर आणि वर छत्तीस, ते छत्तिसाशे, म्हणजे एकशे छत्तीस. चौदा नवे सव्विसाशे, म्हणजे एकशे सव्वीस. चालीत म्हणायला ते बरं पडतं. मात्र मधला तो 'सा' आखूड झाला, की होतं छत्तीसशे, म्हणजे थेट तीन हजार सहाशे. एका कान्याचा फरक. ज्याच्या कानावर लहानपणापासून पाढे पडलेत तो कधी फसत नाही. ज्याच्या कानावर ते पडलेच नाहीत, त्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

मानसीच्या कानावर ते दहिसरला, नदीकाठच्या चाळीत पडले. गिरणी बंद झाल्यावर बाबा कुठेकुठे वॉचमन म्हणून राहिले, आणि घराला खरा टेकू दिला तो आईने, रत्नप्रभाने. ती खोलीतच बालवाडी चालवायची. भाकऱ्या थापताना, वाल सोलताना, नळावर हंडा लावून उभी असताना तिचे पाढे चालूच. अर्धं तिने म्हणायचं, अर्धं पोरांनी पुरं करायचं. चुकलं तर ती ओरडायची नाही, फक्त 'पयल्यापासना' म्हणायची, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असायचं. मानसी तिथेच, त्याच गोंगाटात गणितात हुशार झाली. कॉलेजात, बँकेच्या परीक्षेत, लग्नानंतर सुबोधच्या मित्रांसमोर हॉटेलात बसल्या बसल्या, कुठेही आकडा पडला की मानसीचं उत्तर तयार. सगळे म्हणायचे, काय डोकं आहे. डोकं कसलं, आईचा आवाज होता तो. पण हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, ते हेच.

लपवण्याला कारण होतं, आणि ते काही फार सुंदर नव्हतं. सुबोधच्या घरचे पिढ्यान् पिढ्या ऑफिसात जाणारे, स्वच्छ मराठी बोलणारे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बाबाही गेले, आणि आई मानसीकडे राहायला आली तेव्हा सुबोधने तिला अगदी आपलेपणाने घेतलं, त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. अवघडली ती मानसीच. क्लासच्या वेळी आई आतून 'मानश्या, चाय टाकू काय गो?' असं विचारायची, आणि बाहेर फळ्यासमोर मानसी मॅडमच्या कानशिलावर घाम यायचा. मग तिने मधलं दार लावून घ्यायला सुरुवात केली. आईने का म्हणून विचारलं नाही.

त्या मधल्या दाराच्या आत दुपारी एक विद्यार्थिनी बसायची. वरच्या मजल्यावरची ऋता, चौथीतली, इंग्लिश मीडियमची. आईबाप दोघंही नोकरीला, म्हणून शाळा सुटली की ती संध्याकाळपर्यंत रत्नप्रभाआजीकडे. सुरुवातीला तिला एकोणसाठ म्हणजे किती ते इंग्रजीत विचारावं लागायचं. पण आजी वाल सोलता सोलता पाढे म्हणायची ते तिच्या कानांवर पडलं, आणि पोरीला त्याचं वेडच लागलं. दिवाळीनंतर सुरू केलं आणि संक्रांतीपर्यंत ती विसाच्या पाढ्याला पोचली. वर्गात कोणालाच येत नाही असं काहीतरी आपल्याला येतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. आजीलाही हुरूप चढला होता. ह्या चेडू म्हणजे माझा शेवटचा विद्यार्थी, असं ती त्या पोरीबद्दल भाजीवाल्यालासुद्धा सांगायची.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मानसीने सोसायटीच्या हॉलमध्ये एक प्रात्यक्षिक ठेवलं. जवळच्याच एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका बघायला येणार होत्या. त्यांना पटलं, तर शाळा सुटल्यावर तिथेच क्लास घ्यायला मिळणार होता. घरातल्या कॉटखाली पाट्या आणि खुर्च्या रचून ठेवायचे दिवस संपले असते. मानसीने आईलाही यायला सांगितलं, चांगली साडी नेस म्हणाली, आणि मग दारातून परत येऊन हळूच म्हणाली की तिथे जास्त बोलू नकोस. मी कित्याक बोलतलंय, माका काय स्टेजवर नाचूचा आसा, असं म्हणून आईने निऱ्या घातल्या.

हॉल भरला होता. मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत, ऋताची आई नीला त्यांच्या मागे, आणि रत्नप्रभाबाई अगदी शेवटी, पंख्याखाली. मानसीने बोटांची ट्रिक दाखवली, अकराची दाखवली, टाळ्या पडल्या. मग तिने ठरवलेला खेळ काढला. एका बाजूला तिची विद्यार्थिनी अक्षता, ट्रिकवाली. दुसऱ्या बाजूला पाढे पाठ केलेलं कोणीही. कोण येतं, असं तिने विचारलं, तर हॉलमधून एकच हात वर झाला. ऋताचा.

ऋताला पाढे कोण शिकवतं ते मानसीला ठाऊक होतं. पण आता माघार कशी घेणार. तिने फळ्यावर सतरा गुणिले आठ लिहिलं. अक्षता ओठ हलवत वीस आठे करू लागली, आणि तिचं एकशे साठ व्हायच्या आत ऋताने हात खाली सोडून, मान ताठ करून, आजीच्या चालीत सांगून टाकलं,

"छत्तिसाशे."

मागून कोणाचा तरी बाबा म्हणाला, "छत्तीसशे? जीएसटी धरून का?" आणि अख्खा हॉल फुटला. हसणारे काही दुष्ट नव्हते, रविवारची सकाळ होती, गंमत वाटली, हसले. मुख्याध्यापिकासुद्धा रुमाल तोंडाला लावून हसल्या आणि आता तुम्ही काय म्हणता, अशा नजरेने त्यांनी मानसीकडे बघितलं.

मानसीला माहीत होतं. हे अगदी स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे तिने स्वतःलाच पुष्कळ समजावून पाहिलं, की गडबड होती, नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. तो लांबवलेला 'सा' तिला जितका स्वच्छ ऐकू आला तितका त्या हॉलमध्ये एकाच माणसाला आला असेल, आणि ते माणूस पंख्याखाली बसलं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की थांबा, पोरगी बरोबर आहे, जिंकली ती. पण मग ते असं का म्हणतात, तुम्हाला कसं ठाऊक, हे विचारलं गेलं असतं. चाळ आली असती, बालवाडी आली असती, आणि 'पाढे विसरा'चा बोर्ड लावणारी बाई पाढ्यांवरच जगते हे आलं असतं.

मानसी हसली. नुसती हसली नाही, तर हातातला खडू नाचवत म्हणाली, "बघा, पाठांतराचं हे असं होतं. अंदाजच राहत नाही. सतरा आठे कधी हजारात जातील का?"

ऋताला वाटलं, मॅडमना ऐकू आलं नसेल. ती एक पाऊल पुढे आली आणि शिक्षकांना समजावतात तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "छत्तीसशे नाही मॅडम. छत्ति-सा-शे." परत हशा पिकला. मानसीने तिच्या खांद्यावर हात ठेवून बस हं बाळा म्हटलं आणि अक्षताला टाळ्या मिळवून दिल्या. ऋता जागेवर जाऊन बसली. तिने मागे वळून आजीकडे बघितलं, आणि आजी खाली, आपल्या चपलांकडे बघत होती.

घरी येताना मानसी एकटीच बोलत होती. गर्दी किती झाली, मुख्याध्यापिका काय म्हणाल्या, चहा कसा पुरला. आई हूं हूं करत होती. सतरा आठेचा विषय कोणीच काढला नाही. आईने शिव्या दिल्या असत्या, चार गोष्टी सुनावल्या असत्या, तर मानसीला बरं वाटलं असतं. पण आईने साडी बदलली, घडी घातली आणि कुकर लावला.

संध्याकाळी नीला खाली आली. शिकलेली, समंजस बाई, कोणाला दुखवायचं म्हणून ती आली नव्हती. दारातच उभी राहून तिने आजींना सांगितलं, की तुम्ही तिच्यासाठी खूप करता, पण आता पाढे नका शिकवू, तिचा गोंधळ होतो, दुपारपासून नुसती रडतेय. तिला आम्ही मानसीच्याच नव्या बॅचला घालतोय. मानसी स्वयंपाकघरात होती. दूध वर येत होतं आणि तिचे दोन्ही कान दाराकडे होते. आता आई सांगेल, असं तिला वाटलं. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली.

"माझाच चुकला असतला," आई म्हणाली. "आमचा जुना शिक्षण. चेडवाक आता मॅडमच शिकवतली."

दूध उतू गेलं. मानसी गॅस पुसत बसली, पुसलेलाच परत पुसत बसली, पण बाहेर गेली नाही. सकाळी हॉलमध्ये माणसं होती, मुख्याध्यापिका होत्या, काहीतरी निमित्त होतं. इथे तर घरातली दोन माणसं होती. तरीही तिची जीभ उचलली नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या ओट्यापाशी कळलं.

शाळेचं काम मिळालं. पेढे आले, सुबोधने सगळ्यांना जेवायला नेलं, सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे आणि फुलं पडली. मानसीने त्याच ग्रुपवर लिहायला घेतलं, की त्या दिवशी एक छोटा गैरसमज झाला होता, जुन्या पद्धतीत एकशे छत्तीसला असंही म्हणत असत. 'गैरसमज' हा शब्द तिने पुन्हा वाचला आणि तिचा तिलाच संताप आला. कोणाचा गैरसमज? तिने सगळं पुसून टाकलं.

ऋता दुपारची येतच होती, दुसरीकडे जाणार कुठे. पण येऊन कोपऱ्यात बसायची आणि टॅबलेटवर काहीतरी बघायची. आजी वाल सोलायची, तेही मुक्याने. एका दुपारी मानसी मधलं दार उघडून आत आली, तेव्हा आई सवयीने 'चौदा नवे' एवढं म्हणून गेली, आणि मग तिचं तिलाच आठवून थांबली. ऋताने वर न बघता म्हटलं, "नको आजी, ते चुकीचं असतं." त्यात राग नव्हता. ज्यांना येत नाही त्यांना सांभाळून घेतात, तसं ती आजीला सांभाळून घेत होती. मानसी पाणी प्यायला आली होती, ती न पिताच परत गेली. तिच्या आईचं सगळं आयुष्य ज्यावर उभं होतं, ते एका चौथीतल्या पोरीच्या लेखी खोटं ठरलं होतं. ठरवणारी मानसी होती, आणि खोडू शकणारीही तीच.

ऋता घरी गेल्यावर मानसी आईच्या पुढ्यात येऊन बसली. कसं सुरू करावं ते तिला कळेना. आई, तुला माहीत होतं ना, पोरगी बरोबर होती. मलाही माहीत होतं. मी मुद्दाम हसले. एवढं बोलून ती रडायला लागली. आईने तिचं रडणं पुरतं होऊ दिलं.

"माका कित्याक सांगतंस?" आई म्हणाली. "माझो पाढो माका ठावक आसा. त्या चेडवाक सांग. आणि हय घरात नको. सगळ्यांसमोर हसलंस, सगळ्यांसमोर सांग."

मग तू नीलाला का म्हणालीस, की तुझंच चुकलं म्हणून, असं मानसीने विचारलं. त्यावर आई म्हणाली की तुझ्या पोटावर मीच पाय देऊ काय. तेही तिने अगदी सहज सांगितलं, कढीत मीठ घातलंय म्हणून सांगावं तसं, आणि उठून गेली.

शाळेतली खोली रंगवून व्हायची होती, म्हणून नव्या बॅचचा पहिला दिवस सोसायटीच्या हॉलमध्येच ठेवला होता. पालक आले, मुख्याध्यापिकाही आल्या. ऋता पहिल्या रांगेत बसली होती, नवीन वही, नवीन पेन्सिल, दोन्ही हात मांडीवर. आई आली नाही. तुका बोलूक सोपा जायत, मी नसलंय तर, असं ती म्हणाली.

मानसीने फळ्यावर सतरा गुणिले आठ लिहिलं. मागे कोणीतरी हसलं, त्याला मागचं आठवलं होतं. मानसी फळ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिने ठरवून आणलेलं सुरेख भाषण होतं, जुन्या-नव्याचा मेळ, परंपरा वगैरे, ते सगळं तिच्या डोक्यातून पळालं. ती म्हणाली, मागच्या वेळी ऋताने याचं उत्तर छत्तिसाशे दिलं. ते बरोबर होतं. जुन्या पाढ्यात छत्तिसाशे म्हणजे एकशे छत्तीस. ती अक्षताच्या आधी बोलली, म्हणजे जिंकली तीच. आणि मला हे तेव्हाही माहीत होतं, कारण मी त्याच पाढ्यांवर वाढले. तुम्हाला जेवढी उत्तरं मी झटकन देते, ती ट्रिकने देत नाही, तशीच देते. ट्रिका खऱ्या आहेत, उपयोगाच्या आहेत, मी शिकवीनही. पण माझ्या त्या बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय ते खोटं आहे.

मुख्याध्यापिका आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. नीलाचा चेहरा लाल झाला होता. ऋता मात्र एकटक मानसीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही आला नाही. तिने शाळेत करतात तसा हात वर केला.

"मग तुम्ही हसलात का?"

"लाज वाटली म्हणून," मानसी म्हणाली.

"कोणाची?"

पोरीने काही टोचायला म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, आणि न कळलेलं विचारायचं असं तिला शिकवलेलं होतं. हॉलभर माणसं वाट बघत होती. मानसीने उत्तर दिलं. एकच शब्द होता, तोही हळू, पण पहिल्या रांगेत ऐकू गेलं असावं, कारण ऋताने मान हलवली आणि वहीकडे बघू लागली. मग मानसीने पुसणी घेतली, फळा पुसला आणि बॅच सुरू केली. कशी घेतली, काय शिकवलं, ते तिला नंतर आठवेना.

ती घरी आली तेव्हा आई जमिनीवर पेपर पसरून वाल सोलत बसली होती. मानसी पर्स ठेवून तिच्यासमोर बसली आणि तिनेही मूठभर वाल पुढ्यात ओढले. सालं निघेनात.

आईने विचारलं, सांगितलंस? मानसी हो म्हणाली. सगळ्यांसमोर? सगळ्यांसमोर. आईने हातातला वाल सोलला आणि विचारलं, चेडू काय म्हणालां.

"तिने विचारलं, लाज कोणाची वाटली."

"मग? काय सांगितलंस?"

हॉलमध्ये तो शब्द तोंडातून गेला होता, इथे जाईना. तिथे 'आईची' म्हणायचं होतं. इथे समोर आई होती, तिच्या बोटांना वालाची सालं चिकटली होती, आणि तो शब्द तिच्या तोंडावर बोलायचा होता.

"तुझी," मानसी म्हणाली.

आई रागावली नाही, रडली नाही. तिने पदराला बोटं पुसली आणि लेकीकडे बघितलं, बालवाडीत पोर अर्ध्यावर अडलं की बघायची तसं.

"कधीपासना गो?"

उत्तर मानसीला येत होतं, लहानपणी चुकलं की आई म्हणायची तोच शब्द. ती मान खाली घालून वाल सोलत राहिली, आणि आई वाट बघत राहिली.